एक झुरकासुद्धा?

मी नाटकांना लाइट्स ऑपरेट करतो. अठ्ठावीस वर्षं झाली. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. प्रयोग जिथे असेल तिथे तीन तास आधी पोचायचं, स्पॉट चढवायचे, फोकस करायचे आणि पहिल्या घंटेच्या आधी बाहेर जाऊन एक सिगारेट. मध्यंतरात दोन. पडदा पडल्यावर सामान टेम्पोत चढेपर्यंत आणखी दोन. सकाळची, चहाच्याही आधीची, वेगळीच. दिवसाला चौदा-पंधरा व्हायच्या.

सोडायचं ठरवलं ते एका खोकल्यामुळे. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका पत्र वाचते आणि जवळजवळ मिनिटभर काहीच बोलत नाही. तेवढ्या वेळात मला लाइट अगदी सावकाश उतरवायचा असतो. त्या रात्री एक हात फेडरवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या खटक्यावर, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल दाबलेला, तरी खोकला सुटला तो थांबेना. शेवटच्या रांगांतली माणसं वळून बूथकडे बघायला लागली. तिने प्रवेश तसाच निभावून नेला. नंतर विंगेत भेटली तेव्हा "दादा, औषध घ्या हो काहीतरी" एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

याआधी चार वेळा सोडून झाली होती. एकदा निकोटिनचा च्युइंगमही आणला होता. तो मी मुलं बबलगम चघळतात तसा कचाकचा चघळला, वर कटिंग मारला, उचक्या लागल्या आणि पाकीट टाकून दिलं. तो थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी काही प्यायचं नाही, नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही, हे मला मेडिकलवाल्याने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. औषध निकामी आहे असा शिक्का मारून मोकळा झालो होतो.

या वेळी सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या नंबरावर फोन केला. इतकी वर्षं तो नंबर माझ्या खिशातच होता. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर धीर तर देऊच, पण तुमच्या शहरात तंबाखू सोडवणारे दवाखानेही आहेत, तिथे प्रत्यक्ष जा, असं सुचवलं. असा मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसलो.

त्या बाकावर मला पहिला धक्का बसला. मला वाटलं होतं सगळे माझ्यासारखे सिगारेटवाले असतील. माझ्या एका बाजूला गालात तंबाखूचा बार भरून भरून तोंड उघडेनासं झालेला टॅक्सीवाला, दुसऱ्या बाजूला सत्तरीच्या आजी. त्यांना मशेरी सोडायची होती. लग्न होऊन गिरणगावात आल्यापासून सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्या मला खालच्या आवाजात सांगत होत्या. नंतर तिथल्या समाजसेविकाबाईंनी समजावलं की महाराष्ट्राचं चित्र असंच आहे. २०१६-१७ च्या मोठ्या सरकारी पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले, आणि तंबाखू, मशेरी, गुटखा असं बिनधुराचं घेणारे २४.४ टक्के.

आत गेल्यावर सहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. कार्ल फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण. तापाने अंथरुणाला खिळलात तरी ओढता का? हो म्हटलं की एक गुण. सगळी मिळून दहापैकी सात आली. मग एक हातात मावणारं मशीन. पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, त्याआधी खोल श्वास घेऊन पंधरा सेकंद रोखायचा आणि मग छाती रिकामी होईपर्यंत सावकाश फुंकायचं. पडद्यावर आकडा चढत गेला आणि २४ वर थांबला. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, म्हणजे मी जिना चढताना धापा टाकत होतो तेव्हा माझ्या रक्तातली काही जागा आधीच अडवलेली होती. न ओढणाऱ्याचा आकडा एकेरी असतो. चोवीस हा आकडा मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

तिथेच डॉक्टरांनी विचारलं, आमच्याकडे सिगारेट सोडण्याच्या औषधाची चाचणी चालू आहे, तुम्ही बसता त्यात, यायचं आहे का? समुपदेशन सगळ्यांना मिळणार. गोळी मात्र दोन प्रकारची. अर्ध्या लोकांना व्हॅरेनिक्लिन, अर्ध्यांना दिसायला तंतोतंत तशीच पण आत औषध नसलेली. कोणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवणार. मला कळणार नाही, आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाही कळणार नाही.

माहितीपत्रक घरी नेऊन वाचायला दिलं. नऊ पानं. "यादृच्छिक विभागणी" असा शब्द होता, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. त्यावर मी दोनदा अडलो. बायको म्हणाली, "अहो, तुमचा काय उंदीर करतायत का?" तिची भीती खोटी नव्हती. गरिबांवर न सांगता औषधं तपासली जातात असं आपण सगळेच ऐकत आलेलो असतो. म्हणून ती नऊ पानं आम्ही तिघांनी, मी, बायको आणि मुलीने, जेवणाच्या टेबलावर बसून ओळ न ओळ वाचली. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे इथले उपचार थांबणार नाहीत. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, हे औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे. कागदावर नोंदणी क्रमांक होता. मुलीने तो मोबाइलवर टाकून बघितला. आपल्या देशात अशा चाचण्यांची उघडी नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली, हे तिनेच वाचून दाखवलं. चाचणी तिथे होती. बायको म्हणाली, "मग जा. पण प्रत्येक वेळी मी बरोबर येणार." आणि ती आलीही, पहिल्या तीन वेळा.

सही करण्याआधी मी डॉक्टरांना विचारलं, ही गोळी करते काय नेमकं? त्यांनी मेंदूतल्या रिसेप्टरचं, म्हणजे निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागेचं, चित्र काढलं. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, तिथे जाऊन बसतं आणि बरं वाटायला लावणारं डोपामाइन सुटतं. ही गोळी त्याच जागेवर बसते, पण अर्धवट चालू करते. मी म्हटलं, डॉक्टर, म्हणजे डिमर. त्यांना कळेना. मग मी सांगितलं. समजा स्टेजवर पूर्ण अंधार झाला तर माणूस घाबरून स्विच शोधतो. तुमची गोळी लाइट तीस-चाळीस टक्क्यांवर धरून ठेवते, म्हणून ती धावपळ होत नाही. आणि फेडर तिथेच पकडून ठेवलाय म्हणून वरून सिगारेट ओढली तरी लाइट शंभरावर जात नाही. ते म्हणाले, हे मी आता बाकीच्यांनाही असंच सांगेन. मला त्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

हे औषध मुळात सायटिसिन नावाच्या एका वनस्पतिजन्य द्रव्याच्या अभ्यासातून तयार झालं. लॅबर्नम नावाच्या, पिवळ्या झुपक्यांच्या झाडात ते असतं. पूर्व युरोपात १९६०च्या दशकापासून ते सिगारेट सोडवायला वापरतात. पिवळे झुपके म्हटल्यावर बायकोला बहावाच आठवला, एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलतो तो. डॉक्टरांनी लगेच थांबवलं. बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणत असले तरी झाड वेगळं, आणि लॅबर्नम विषारी. झाडपाल्याचा प्रयोग घरी करू नका. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या ग्रुपमध्ये हे कळल्यावर दोघांनी बहाव्याच्या शेंगांची चौकशी केली होती.

सात दिवस सिगारेट चालू ठेवून गोळ्या घ्यायच्या होत्या. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, मग चार दिवस तीच दोन वेळा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची दोन वेळा, बारा आठवडे. आठवा दिवस म्हणजे सोडायचा दिवस. मी सोमवार धरला, त्या दिवशी प्रयोग नसतो. आदल्या रात्री शेवटची कुठे ओढली, काय वाटलं, यावर लिहिण्यासारखं काही नाही. लायटर मुलीकडे दिला.

पहिले चार दिवस हात रिकामे रिकामे वाटायचे. दुसऱ्या आठवड्यात एकदा उपाशीपोटी गोळी घेऊन लोकल पकडली आणि कुर्ल्याला उतरून प्लॅटफॉर्मच्या कठड्याला धरून उभा राहिलो, इतकं मळमळलं. त्यानंतर नियमच केला. आधी पोटात काहीतरी, मग गोळी, वर पूर्ण ग्लासभर पाणी. आणि स्वप्नं. अशी स्वप्नं मला कधी पडली नव्हती. रंग इतके पक्के की लाइटवर लावायच्या रंगीत जेल-कागदांचे नंबर सांगावेत. एका स्वप्नात मी रिकाम्या नाट्यगृहात एका खुर्चीवर अंबर रंगाचा लाइट टाकतो आहे आणि खुर्चीत माझे वडील बसलेत. उठलो तर उशी ओली. मळमळ आणि ठसठशीत स्वप्नं हे दोन्ही या औषधाचे माहीत असलेले परिणाम आहेत, कागदावर लिहिलेले होते. त्यामुळे मी मनाशी धरून चाललो की मला खरी गोळी मिळाली आहे. चाचणीच्या समन्वयक मॅडमना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "काका, कागद वाचून पण मळमळतं. मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही." दर भेटीत त्या मनःस्थितीबद्दलही विचारायच्या. उदास वाटतं का, चिडचिड होते का, जीव नकोसा होतो का. या औषधावर अमेरिकेत २००९ मध्ये मानसिक परिणामांबद्दल मोठा इशारा छापला जायला लागला होता. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर, सोळा देशांत, एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि त्याच वर्षाअखेरीस तो इशारा काढला गेला. तरी विचारायचं सोडलेलं नाही, हे मला आवडलं.

त्याच चाचणीतले आकडे डॉक्टरांनी मला सांगितले होते. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटला अजिबात न शिवलेले लोक व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत शंभरातले साधारण बावीस, निकोटिनच्या पट्टीवाल्यांत सोळाच्या आसपास, आणि रिकाम्या गोळीवाल्यांत नऊ. ऐकून माझा चेहरा पडला. बावीसच? सगळ्यात चांगलं औषध घेऊन शंभरातले अठ्ठ्याहत्तर परत ओढतात? डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी चार वेळा सोडून परत धरलीत, ते तुमच्या अंगी धमक नाही म्हणून असं तुम्हाला वाटतं. हे आकडे सांगतात की ते बहुतेकांचं होतं. तेव्हा मला हे समजलं, पण पटलं नाही.

चौथ्या आठवड्यात मशीनवर २ आला. आठव्या आठवड्यात पुन्हा २. बूथचा जिना चढून मी घड्याळ बघितलं नाही, पण बॅटनवर, स्टेजवरच्या आडव्या पाइपवर, स्पॉट चढवताना मध्ये थांबावं लागत नाही हे मदतनीस पोराच्याही लक्षात आलं.

दहाव्या आठवड्यात एका नाट्यगृहात, शनिवारच्या रात्रीच्या प्रयोगाला, दुसऱ्या अंकात तिथला डिमर पॅक, म्हणजे सगळे लाइट ज्यावरून चालतात तो डबा, बंद पडला. अर्धं स्टेज काळं. तीन मिनिटं मी फक्त दोन पार दिवे आणि समोरच्या एका स्पॉटवर प्रवेश ओढला. चूक माझी नव्हती, पण प्रयोगानंतर सगळ्यांसमोर ज्या भाषेत मला ऐकवलं गेलं ते मी इथे लिहीत नाही. बाहेर आलो. समोर टपरी. राज्यात सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याने न विचारता एक सुटी काढून समोर धरली, कारण अठ्ठावीस वर्षं मी तिथे तेच घेत आलो होतो. दोरीला लटकणारा लायटर होता. पहिल्या झुरक्याला काहीच झालं नाही. खरंच, लाइट वर गेलाच नाही. तरी मी ती संपवली. मंगळवार रात्रीपर्यंत आणखी पाच झाल्या.

गुरुवारी भेट होती.

बुधवारी दिवसभर मी हिशोब करत होतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो. मंगळवारी रात्री शेवटची, गुरुवारी सकाळी दहाला फुंकायचं. मशीनवर २ किंवा ३ येणार. लघवीतलं किंवा थुंकीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनचं शरीरात जे बनतं ते, जास्त दिवस मागचं सांगतं, पण त्या भेटीत तपासणार होते फक्त श्वास. म्हणजे मी गप्प राहिलो तर कोणालाही कळलं नसतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुसरा विचार आला की जाऊच नये. दौरा आहे म्हणून कळवावं. तिकडून मॅडमचा फोन आला, उद्या येताय ना काका? मी म्हटलं, जमेलसं वाटत नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ओढली असलीत तरी या. नाही आलात तर आमच्या वहीत तुम्ही ओढणारेच धरले जाता. तसा नियमच आहे. पण मग तुम्हाला काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही."

हा नियम खरा आहे, नंतर मी विचारून घेतलं. सिगारेट सोडण्याच्या संशोधनात जो माणूस मध्येच हरवतो त्याला सोडलेल्यांत मोजत नाहीत. २००५ पासून रसेल स्टँडर्ड नावाने ही मोजणीची पद्धत लिहून ठेवलेली आहे. नाहीतर ज्यांची सुटली तेच आनंदाने परत येतात, ज्यांची नाही सुटली ते तोंड चुकवतात, आणि औषध आहे त्यापेक्षा भारी दिसतं. मी नेमका तो तोंड चुकवणारा माणूस होणार होतो.

गेलो. फुंकलं. ३ आला. मॅडमनी आकडा लिहिला आणि नेहमीचा प्रश्न वाचला, "गेल्या भेटीपासून आजपर्यंत सिगारेट ओढलीत का, एक झुरकासुद्धा?" त्यांनी पेन "नाही"च्या चौकोनाजवळ नेलंही होतं. मी म्हटलं, "हो. सहा." त्यांनी वर बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि "हो"वर खूण केली. मग विचारलं, कधी, कुठे, कशामुळे. मी डिमरचं सगळं सांगितलं, टपरीचंही. त्यांनी ते शांतपणे उतरवून घेतलं. रागावल्या नाहीत, अरेरेही म्हणाल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या वयापासून माझ्या सिगारेटवर मला घरात, कामावर, दवाखान्यात सगळ्यांनी बोल लावलेत. ती नुसती नोंद झाली, आणि मला टेबलावर डोकं ठेवून रडू आलं. बायको बाहेर बाकावर नव्हती, त्या दिवशी मी एकटाच आलो होतो. रात्री तिला सांगितलं.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात एकही झुरका नाही, हा त्या चाचणीचा मुख्य निकष होता. म्हणजे त्या एका खुणेने मी कायमचा न सुटलेल्यांच्या रकान्यात गेलो, पुढे काहीही केलं तरी. हे मला कळल्यावर थोडं वाईट वाटलंच. पण डॉक्टरांनी सांगितलेले ते बावीस आणि नऊ मला तेव्हा वेगळे दिसायला लागले. ते आकडे कुठल्या प्रयोगशाळेत आपोआप तयार झाले नव्हते. सोळा देशांत आठ हजार माणसं अशीच खुर्चीवर बसली, फुंकली, आणि एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपल्या तोंडाने दिलं. त्यांनी खरं सांगितलं म्हणून मला बावीस हा आकडा मिळाला. उद्या कोणी डिमर बसल्यावर टपरीसमोर उभा राहिला तर त्याला माझ्या खुणेतून काही मिळायला हवं.

गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. पुढची सोडायची तारीख पुन्हा सोमवारचीच धरली. त्या नाट्यगृहात प्रयोग असला की आता मी मागच्या गेटने बाहेर पडतो, टपरी पुढच्या बाजूला आहे. बाराव्या आठवड्यात उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या असतात. मॅडमनी छोट्या ट्रेमध्ये ओतून सपाट पट्टीने पाच-पाच करून मोजल्या. अकरा. कुठल्या दिवशी राहिल्या, विचारलं. मी दौऱ्याच्या तारखा सांगितल्या.

त्या दिवशी बाकावर मशेरीच्या आजी पुन्हा भेटल्या. आता सकाळी मशेरीऐवजी साधी टूथ पावडर लावतात, पण दुपारी एकदा बोट जातंच, म्हणाल्या. मला विचारलं, "तुमच्यासारखी ती गोळी मला का नाही देत?" ही चाचणी ओढणाऱ्यांसाठी होती. मी डॉक्टरांना त्यांच्या वतीने विचारलं. ते म्हणाले, दिल्लीत तंबाखू खाणाऱ्यांवर या गोळीची चाचणी झालेली आहे, पण एकूण संशोधन सिगारेटच्या मानाने फारच थोडं. मला हे बोचतं. आपल्या राज्यात शंभरातले चोवीस जण जे घेतात त्यावर कमी अभ्यास आणि चार जण जे घेतात त्यावर जास्त. आजींचं नाव त्यांनी पुढच्या कुठल्या अभ्यासासाठी लिहून घेतलं आहे.

चोविसाव्या आठवड्याची शेवटची भेट गेल्या महिन्यात झाली. मशीनवर २. एक झुरकासुद्धा? नाही. मी विचारलंच, आता तरी सांगा, खरी होती की रिकामी? मॅडम म्हणाल्या, शेवटच्या माणसाची शेवटची भेट झाली की कोणाला कुठली गोळी होती त्याचा कोड उघडेल, तोवर कोणालाच माहीत नाही. त्यांनी माझा मोबाइल नंबर पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. मी बायकोचाही दिला, दौऱ्यावर असलो तर माझा लागत नाही म्हणून.